क्लचला झालेल्या उशिराबद्दल मेहुणेबुवांस

आदरणीय मेहुणेबुवा,

नमस्कार. तुमचे गुडघे, वहिनींचा दमा आणि तुमच्या मत्स्यालयातला तो तिरपा पोहणारा मासा, तिन्ही ठीक असतील असं धरून चालतो. आम्ही दोघं बरे आहोत. माझ्या डाव्या बरगडीखाली जरा दुखतं, पण ते दुखणं या पत्राच्या विषयातच बसत असल्यामुळे त्याची काळजी आत्तापासून करू नये, ते ओघात येईल. फोन न करता पत्र लिहितो आहे, याचं नवल वाटेल. आमच्या घरात फोनवरचं बोलणं सगळ्या खोल्यांत ऐकू जातं, आणि या पत्रातला काही मजकूर एकाच खोलीत राहिलेला बरा.

तर विषय तुमच्या गाडीचा. एवढ्याशा क्लचला इतका वेळ कसा लागतो, असं तुम्ही परवा विचारलंत. प्रश्न रास्त आहे. छापखान्यात मुद्रितं तपासण्यात आयुष्य गेलेल्या माणसाला उशिराची कारणं देण्याचा सराव असतो, म्हणून ही कामगिरी मी आपणहून अंगावर घेतली. आता सगळं सुरुवातीपासून सांगतो. सासरेबुवांच्या माघारी ती गाडी तुमच्या नावावर झाली. दोन माणसं आणि एक छत्री एवढंच पोटात घेणारी, बिनछपराची, जुन्या बाटलीच्या काचेसारखी हिरवी. तुम्ही फ्लॅटवर राहायला गेलात तेव्हा दोन-चार महिन्यांसाठी म्हणून ती आमच्या गॅरेजमध्ये आली. त्या दोन-चार महिन्यांत आमची मुलगी शाळा संपवून, कॉलेज संपवून परगावी नोकरीला लागली, आणि माझी स्कूटर तेव्हापासून जिन्याखाली मान वाकडी करून उभी आहे. ही तक्रार नव्हे. (तक्रार करायची असती तर स्कूटरच्या गंजाचा फोटो सोबत जोडला असता.)

मग तुमचा फोन आला, की गाडीला गिऱ्हाईक मिळालंय, फक्त ती चालती करून हवी, हवं तर मेकॅनिक पाठवतो. फोन हिनंच घेतला होता. तुमचं बोलणं मला ऐकू आलं नाही. इकडून ही "बरं" म्हणाली, मग "हो" म्हणाली, मग पुन्हा "बरं" म्हणाली, आणि फोन ठेवून कपड्यांच्या घड्या घालायला लागली. घड्या घातलेल्याच होत्या. तिनं त्या मोडून परत घातल्या.

इथे थोडं विषयांतर करतो. तुमच्या बहिणीनं सगळी नोकरी इस्पितळाच्या ऑपरेशन थिएटरमध्ये केली, हे तुम्हाला ठाऊक आहे. निवृत्तीनंतर ती कशी आहे, हे मात्र तुम्हाला ठाऊक नसावं, कारण तुम्ही विचारलंत की ती मजेत आहे असं सांगते, आणि मीही मागून मान डोलावतो. (फोनवर मान डोलावलेली दिसत नाही, पण सवय.) खरं म्हणजे ती खिडकीशी बसायची. हाक मारली की यायची, ताट वाढलं की जेवायची, आणि परत जाऊन बसायची. काय झालं विचारलं तर काही नाही, बसलेय, असं उत्तर. माणूस दमून बसतो तेव्हाचं बसणं वेगळं आणि हे वेगळं. फरक काय ते मला धड सांगता येणार नाही, पण इतकी वर्षं एका छपराखाली राहिल्यावर तो न बघताही समजतो. मी तिच्यासाठी शब्दकोडी आणली. ती मीच सोडवली.

फोनच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ती खिडकीत नव्हती. गॅरेजमध्ये गाडीचं दार उघडून ती क्लचचं पेडल पायानं दाबत होती. दाबलं की ते तळाला जाऊन पडून राहायचं आणि बुटाच्या टोकानं वर उचलावं लागायचं. बराच वेळ हे झाल्यावर ती मला म्हणाली, "दादाला सांगा, मेकॅनिक नको. क्लच मी लावते."

क्लच म्हणजे काय हे तुम्हाला माहीत असेलच. (नसेल, असं वहिनींचं मत आहे.) इंजिन फिरत असतं आणि चाकं उभी असतात, त्या दोघांची गाठ अलगद घालून द्यायची आणि वेळ आली की अलगद सोडवायची, हे त्याचं काम. पेडलपासून क्लचपर्यंत निरोप पोचवायला या जुन्या गाडीत नुसता दांड्यांचा सांगाडा आहे. पेडल एक आडवा दांडा फिरवतं, त्या दांड्यावर बसवलेला वीतभर लांबीचा हात एका सळईला ढकलतो, आणि सळई गिअरबॉक्सच्या कुशीतली तरफ दाबते. प्रत्येक सांध्यात एक पिन, आणि पिनेभोवती बुश, म्हणजे पितळेची छोटी बांगडी. आपल्या गाडीतली खालची पिन झिजून पेन्सिलीच्या टोकासारखी झाली होती आणि बांगडीचा फक्त संशय उरला होता.

गाडी स्टँडवर चढवून तिनं हे सगळं खोललं आणि घरात आणलं. जेवणाच्या टेबलावर पांढरी चादर अंथरली गेली. त्यावर पिना, वॉशर, स्प्रिंग, सळई, सगळं रांगेत, प्रत्येकाचं तोंड एकाच दिशेला. त्या चादरीला हात लावायचा नाही, तिच्यावरून वाकून खिडकी उघडायची नाही आणि आसपास शिंकायचंही नाही, असा दंडक निघाला. आम्ही ओट्यापाशी उभ्यानं जेवायला लागलो. गॅरेजमध्ये माझी नेमणूक साहाय्यक म्हणून झाली होती. ती गाडीखाली आडवी असायची. मधूनच तिचा एक हात बाहेर यायचा, तळवा वर. मी त्यात पाना ठेवायचा. चुकीचा ठेवला तर ती काही बोलायची नाही, तळवा तसाच उघडा राहायचा. मुद्रितं तपासताना लेखकांनी मला पुष्कळ शिव्या दिल्या असतील, पण त्या उघड्या तळव्याइतका शरमिंदा मला कोणी केला नाही.

पहिल्या उशिराचा जाब लेथवाल्याकडे मागावा. पिन आणि बुश त्याच्याकडून करून घ्यायचे होते, आणि हा गृहस्थ बोलण्यात असा रंगतो की लेथ ऐकत बसतं. पहिलं बुश इतकं घट्ट की पिन आत जाईना. दुसरं इतकं सैल की पिन आत जाऊन पलीकडून घरी निघाली. तिसऱ्या खेपेला ही स्वतः गेली, हात पाठीमागे बांधून लेथशेजारी उभी राहिली, आणि एक अक्षर बोलली नाही. बुश बरोबर झालं. (मोठमोठे सर्जन याच उपायानं सरळ येत असत, असं मी ऐकून आहे.)

त्यापुढच्या उशिराचा धनी मी. गाडीबरोबर सासरेबुवांच्या काळची छापील माहितीपुस्तिका होती. जोडणी करताना ती मोठ्यानं वाचायची, हे काम माझ्याकडे आलं आणि मी फुलून गेलो. पहिल्याच पानावर दोन स्वल्पविराम चुकलेले सापडले. एका आकृतीला क्रमांक नव्हता, एका नटाचं नाव दोन जागी दोन तऱ्हेनं छापलं होतं. मी प्रत्येक चूक तिला गाडीखाली वाकून कळवत होतो. त्या आडव्या दांड्यावर हात कसा बसवायचा, खाली झुकता की वर उचललेला, असं तिनं विचारलं तेव्हा मी आकृती बघितली आणि खाली, असं ठणकावून सांगितलं. तिनं तसा बसवला. स्प्रिंग चढली, पिना गेल्या, पेडल दाबलं की टुणकन वर यायला लागलं. आम्ही गाडी स्टँडवरून उतरवली. ही पुढचं झाकण उघडं ठेवून कडेला उभी राहिली आणि मला म्हणाली की बसा, गिअर काढलेला आहे ना बघा, पेडल दाबा आणि सुरू करा.

मी बसलो, दाबलं, आणि सुरू केली. यानंतर गाडी आपणहून गेली. मला एवढंच सांगता येईल. गॅरेजचं दार उघडं होतं ही देवाची कृपा, आणि समोर रस्त्यापलीकडे कुंपणाची दाट झुडपं होती ही दुसरी. मी पेडल जीव खाऊन दाबून धरलं होतं, पण गाडी त्याला भीक घालत नव्हती. रस्ता ओलांडून ती झुडपात शिरली, तिथे तिचा जीव गेला आणि स्टिअरिंगनं माझ्या बरगडीची चौकशी केली. (डाव्या दिव्याची काच फुटली. ती बदलली आहे. रंगावर एक ओरखडा आहे, तो संध्याकाळच्या उजेडात दिसत नाही.)

कुंपणामागच्या घरात राहणारे बँडमधले निवृत्त ट्रम्पेटवाले अर्धी दाढी केलेल्या अवस्थेत बाहेर आले. त्यांनी झुडपाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, मग गाडीभोवती शांतपणे एक चक्कर मारली आणि ही विकायची आहे का, असं विचारलं. मी तोंड उघडायच्या आत मागून धापा टाकत आलेली तुमची बहीण म्हणाली, "नाही." मग थोडं थांबून म्हणाली, "म्हणजे, विकली गेलीच आहे."

मेहुणेबुवा, हे मी जसं घडलं तसं लिहितो आहे. त्यावर काही म्हणत नाही.

घरी येऊन तिनं हात धुतले. ती हात धुते तेव्हा कोपरापर्यंत धुते, ती जुनी सवय आहे, पण त्या दिवशी नळ थांबेचना. बाहेर येऊन म्हणाली की दादाला कळवा, पाठव म्हणावं मेकॅनिक, ज्याची गाडी त्यानं बघावी. आणि खिडकीत जाऊन बसली. मी फोन हातात घेतला, तुमचा नंबर काढला, आणि का कोण जाणे, तुम्हाला न लावता उद्याचं हवामान बघितलं आणि फोन ठेवला. तिला सांगितलं, लागत नाही. तिनं मान हलवली. मला वाटलं, आता ही इथून उठत नाही. टेबलावर ती पांढरी चादर होती, आणि तिच्यावर काही नव्हतं. ती काढावी की ठेवावी, हेही मला सुचेना.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी सहज गॅरेजकडे गेलो तर गाडी परत स्टँडवर होती आणि खालून तिचे पाय दिसत होते. दिवा लावलेला नव्हता. पाना मागत नव्हती. मी वाकून हाक मारली तर म्हणाली की आत या. आत येणं म्हणजे काय, ते माझ्या पोटाच्या घेराला विचारा. बरगडी सांभाळत, खरडत मी एकदाचा तिच्याशेजारी जाऊन पडलो. वर तेलकट अंधार होता. बराच वेळ आम्ही दोघं आपले गाडीच्या पोटाकडे बघत पडून राहिलो, आणि मला तर असंही वाटून गेलं की इतक्या जवळजवळ, काहीही न करता, आम्ही कित्येक दिवसांत पडलो नव्हतो.

मग तिनं आपणहून सांगायला सुरुवात केली. लहानपणी सासरेबुवा रविवारी गाडीखाली शिरायचे आणि ती शेजारी पडून दिवा धरायची. तुम्ही पायरीवर पुस्तक वाचत बसलेले असायचात. एकदा तुमच्या हाती दिवा दिला होता, तो तुम्ही बाबांच्या नाकावर टाकलात, आणि त्यानंतर दिवा कायमचा तिच्याकडे आला. (नाकाचं मला तेव्हाच कळलं. सासरेबुवा नाकावरची ती खूण लढाईतली असल्यासारखी मिरवायचे.) गाडी मात्र तुम्हाला द्यायची, हे त्यांनी तिच्या लग्नाआधीच ठरवलं होतं. तेव्हा ते तिला म्हणाले होते की बाई, तू सासरी जाणार, तिथे ही कुठे ठेवशील? तिला त्यात काही चूक वाटलं नव्हतं. गाडी अखेर तिच्याच सासरी येऊन राहिली, यावर मी काहीतरी विनोद करणार होतो, पण पडल्या पडल्या विनोद करायला दम लागतो.

बोलता बोलता ती मध्येच थांबली. डोळे मिटले, उजवा हात दिवा धरल्यासारखा वर केला आणि म्हणाली, "बाबांचा हात माझ्या डोक्यावरून यायचा. बाही कपाळाला लागायची."

मला काही उमगलं नाही. ती सांगायला लागली की नट आवळताना त्यांची बाही दर वेळी तिच्या कपाळावर घासायची, तेलाचा वास यायचा, आणि ती डोळे मिटून घ्यायची. दांड्यावरचा हात खाली झुकलेला असता तर बाबांना असं वरून यायची गरज नव्हती. तो वरच असला पाहिजे. मी खरडत बाहेर आलो, पुस्तिका उजेडात धरली आणि ती आकृती पुन्हा बघितली. तिच्याखाली, तेलाच्या डागाआड, मुंगीच्या पायांएवढ्या टाईपात एक तळटीप होती. दाखवलेली रचना स्टिअरिंग डावीकडे असणाऱ्या गाड्यांची आहे, आपल्यासारख्या उजवीकडच्या गाड्यांत हात उलट, म्हणजे वरच्या बाजूला बसवावा, नाहीतर पेडल दाबलं तरी क्लच सुटत नाही. दोन स्वल्पविराम पकडणाऱ्या माणसाच्या हातून ही तळटीप सुटली. मी तिला ती वाचून दाखवली. गाडीखालून हात बाहेर आला, तळवा वर. मी पाना ठेवला, आणि तो बरोबर निघाला.

या वेळी घाई नव्हती. हात वरच्या बाजूला बसवला, सळईची लांबी कमी-जास्त करत पेडलला बोटभर सैल चाल ठेवली, आणि एकेक सांधा ग्रीज भरून मिटवला. शेवटची पिन तिनं मला घालायला दिली. ती पिन घसरू नये म्हणून तिच्या टोकात एक बारीक दुहेरी तार घालून तिचे पाय फाकवायचे असतात. ते मी केलं. एक पाय थोडा वाकडा आहे. तो माझा.

मग ती स्वतः चालवायला बसली. मी हॅट घेऊन बाजूला. गिअर पडला तो इतका निमूटपणे की मला वाटलं पडलाच नाही. आम्ही पाण्याच्या टाकीवरून, बंद पडलेल्या खाणीकडे जाणाऱ्या चढावर गेलो. तुमची बहीण गाडी कशी चालवते, हे तुम्ही कधी बघितलंय का? ती ओठ घट्ट मिटून चालवते, थिएटरमध्ये मास्कमागे असायचे तसे, आणि वळण आलं की थोडी पुढे वाकते. अर्ध्या चढावर मुद्दाम गाडी थांबवली, आणि एक इंचही मागे न जाता पुन्हा उचलली. त्यानंतर ती बोलायलाच लागली. थिएटरच्या गोष्टी, भूल उतरताना पेशंट काय काय बरळायचे, कोणता सर्जन काम करताना गुणगुणायचा. खाणीच्या कडेला गाडी उभी केली तरी बोलत होती. मी मध्ये फक्त हॅट धरली.

मग स्टिअरिंगवर हात ठेवून म्हणाली, "दादानं विकू नये असं नाही हो. त्याची आहे. पण मला विचारायचं तरी."

मी म्हटलं की मग सांग ना त्याला तसं. त्यावर तिनं माझ्याकडे, मी चुकीचा पाना ठेवल्यासारखं बघितलं. सांगून विचारायला लावलं तर त्या विचारण्यात काय राम, असं म्हणाली, आणि गाडी वळवून घरी आणली.

असो. सारांश, गाडी चालू आहे, क्लच बरोबर आहे आणि उशीर का झाला ते वर आलंच आहे. गिऱ्हाईक पाठवायला हरकत नाही. झुडपाचं भोक ट्रम्पेटवाल्यांनी तसंच ठेवलं आहे, त्यातून हवा छान येते म्हणतात. वहिनींना नमस्कार सांगा आणि माशाला सरळ पोहायला सांगा.

तुमचा,
बरगडी दुखरी असलेला मेहुणा

ता. क. गिऱ्हाईक पाठवायला हरकत नाही असं वर लिहिलंय, ते पत्राची रीत म्हणून. हरकत आहे. मी तुमच्याकडून गाडी मागत नाही, तो माझा अधिकार नाही आणि माझी स्कूटर अजून जिन्याखाली आहे. माझं मागणं एवढंच की तुम्ही तिला फोन करून विचारा, तुला ही हवी आहे का. ती नाही म्हणेल. म्हणू द्या. मला काय करायचीये, असंही म्हणेल. तरी फोन ठेवू नका. थोडं थांबून दुसऱ्यांदा विचारा. आणि हे मी लिहिलं होतं, हे तिला कधीही कळता कामा नये. कळलं तर तुमच्या विचारण्याला काही अर्थ उरणार नाही आणि मला ओट्यापाशीसुद्धा जेवायला मिळणार नाही.

आणखी एक ता. क. दादा, अक्षर बदललेलं तुझ्या लक्षात आलं असेल. यांना डिंक सापडेना म्हणून पाकीट माझ्याकडे आलं, आणि मी उघडं पाकीट कधी न वाचता चिकटवलेलं नाही. गाडी आपणहून गेली नव्हती. यांनी ती पहिल्या गिअरमध्ये ठेवली होती आणि गिअर काढलाय असं मला सांगितलं होतं. क्लचही चुकलेला होता हे खरं, पण दोष निम्मा-निम्मा धर. ओरखडा संध्याकाळच्या उजेडातही दिसतो. बाबांच्या नाकाचं मात्र खरं आहे, ते तू अजून कबूल केलेलं नाहीस. बाकी यांचं फार मनावर घेऊ नकोस. विचारायचंच असेल तर सकाळी फोन कर. दुपारी मी गाडी घेऊन बाहेर असते.